मधुबालाचं आपण नक्की काय जपलंय?

गिरगावकर_७१

फेब्रुवारी लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मधुबाला हजर. १४ तारखेला वाढदिवस, तोही नेमका व्हॅलेंटाइनच्या दिवशी, म्हणून फोटोभोवती गुलाब. २३ तारखेला पुण्यतिथी, म्हणून त्याच फोटोखाली मेणबत्ती. मधल्या दिवसांत दिलीपकुमार, किशोरकुमार, कडक बाप आणि हृदयातलं छिद्र असं सगळं रीतसर फॉरवर्ड होऊन जातं. यंदा मी मुद्दाम विचारलं की तिचे चार सिनेमे सांगा. 'मुघल-ए-आझम' सगळ्यांनी एका सुरात सांगितला. 'चलती का नाम गाडी' आठवला तो किशोरकुमारचा म्हणून. पुढे सामसूम.

तर धाग्याचा विषय असा. माझ्या मते आपण मधुबालाचा एक फोटो आणि एक रडकथा सांभाळून ठेवली आणि तिचं काम भंगारात दिलं. दिल्लीत १९३३ साली जन्मलेली मुमताज जहान बेगम देहलवी ही मुलगी, नवव्या वर्षी बॉम्बे टॉकीजच्या 'बसंत'मध्ये कॅमेऱ्यापुढे उभी राहिली ती घरची चूल पेटावी म्हणून. बापाची नोकरी गेलेली, खाणारी तोंडं भरपूर. बिऱ्हाड गोदीजवळच्या वस्तीत. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत स्फोट झाला त्यात ते घरही गेलं. माणसं सिनेमाला गेली होती म्हणून वाचली, असं तिच्या चरित्रांत येतं. चौदाव्या वर्षी 'नील कमल'मध्ये राज कपूरसमोर नायिका. त्यानंतर दीड दशक ती राबली. सत्तरेक सिनेमे केले, स्वतःच्या नावाची निर्मितीसंस्था काढली, 'नाता' (१९५५) काढला. या बाईला आपण 'शापित सौंदर्यवती' म्हणून मोकळे होतो. पटतंय का? नसेल पटत तर तसं सांगा, पण मुद्द्याला धरून.


रीळमास्तर

अजिबात पटत नाही.

'फक्त चेहरा ठेवला' हे तुम्ही तक्रारीच्या सुरात म्हणताय. अहो, सिनेमा ही चेहऱ्याचीच कला आहे. 'महल' (१९४९) घ्या. मुलगी सोळा वर्षांची. पडद्यावर ती करते काय? झोपाळ्यावर बसते, होडीतून जाते, अंधारातून बघते आणि नाहीशी होते. गाण्यातला आवाज लताबाईंचा, तोही असा की पहिल्या रेकॉर्डवर गायिका म्हणून 'कामिनी' हे पात्राचंच नाव छापलं होतं. चाल खेमचंद प्रकाशांची, दिग्दर्शक कमाल अमरोही, कॅमेरा जोसेफ वीर्शिंग या जर्मन माणसाचा. एवढ्या सगळ्यांनी मिळून जे भूत उभं केलं ते पटतं कशामुळे? त्या चेहऱ्यामुळे. तिथे दुसरी कुणी असती तर अशोककुमार वेडा का झाला हे प्रेक्षकाला समजावून सांगावं लागलं असतं.

'मुघल-ए-आझम'मधला पिसाचा प्रसंग तसाच. बडे गुलाम अली खाँसाहेबांचं गाणं चाललंय (एका गाण्याचे पंचवीस हजार घेतले होते त्यांनी, दिग्दर्शक के. आसिफने मुकाट दिले), सलीम (दिलीपकुमार) पांढरं पीस तिच्या चेहऱ्यावरून फिरवतोय, संवाद एक नाही. तिच्या पापण्या आणि अर्धवट उघडे ओठ, सगळा प्रसंग तेवढ्यावर. तेव्हा दोघांत बोलणंही बंद होतं म्हणतात. चेहरा हेच तिचं काम होतं आणि ते जपलं गेलंय. आणखी काय हवंय?

आणि सत्तर सिनेमांचं कौतुक सांगू नका. त्यातले पन्नासेक बघवत नाहीत. बापाने पैसे बघून घेतलेली कामं ती. नूतन, मीनाकुमारी यांच्या पंगतीला अभिनेत्री म्हणून तिला बसवायचं तर जरा ओढूनताणूनच होईल.


मंजिरी_पार्ले

मास्तर, तुम्ही सगळे प्रसंग गप्प बसायचे निवडलेत, लबाडी आहे ही! :)

'चलती का नाम गाडी'तलं गॅरेज आठवा. मध्यरात्र, पाऊस, गाडी बंद पडलेली, आणि ही नखशिखांत भिजलेली बाई झोपलेल्या मेकॅनिकला उठवते. तो उठतो, गाडी बघतो, स्पॅनर आपटत तिच्यावरच गाणं म्हणायला लागतो. आता गाणं सोडा, तिच्याकडे बघा. आधी वैताग. मग 'हा काय वेडा आहे' असा चेहरा. मग हसू येतंय पण द्यायचं नाही, म्हणून मान वळवते, पदर पिळायचं निमित्त काढते. समोर किशोरकुमार. त्याच्यासमोर दहापैकी नऊ जण कॅमेऱ्यातून पुसले जातात. ही एक अक्षर न बोलता अर्धं गाणं खाऊन टाकते. आणि जाताना पैसे द्यायचे विसरते, पाच रुपये बारा आणे, ज्यांच्यावर पुढचा सिनेमा चालतो.

विनोदाचं असं टायमिंग त्या पिढीतल्या किती नायिकांकडे होतं? गीता बालीकडे होतं. आणखी नावं काढायला मला विचार करावा लागतोय. नूतनची पंगत वेगळी, मान्य. पण विनोद करणाऱ्या बाईला अभिनेत्री म्हणायचंच नाही, ती 'गोड' असते, असा नियम कुणी केला? पुरस्कारवाले तर तसेच. 'मुघल-ए-आझम'साठी फिल्मफेअरचं नामांकन मिळालं, पुरस्कार 'घुंघट'साठी बीना रॉयला. आज 'घुंघट' कुणाला आठवतो?


कुर्ला_लोकल

मराठी मंचावर मधुबाला कशाला? मराठी नट्या संपल्या का? मीनाक्षी शिरोडकरांनी १९३८ मध्ये 'ब्रह्मचारी'त पोहण्याचा पोशाख घालून महाराष्ट्र हलवला होता. ग्लॅमर ग्लॅमर म्हणता ते आपल्याकडे तेव्हाच आलं होतं. त्यांच्यावर काढा की धागा.


गिरगावकर_७१

काढा की तुम्हीच, मी पहिला प्रतिसाद देईन. पण मधुबाला परकी कशी? बॉम्बे टॉकीज मालाडला, मोहन स्टुडिओ अंधेरीला, 'मुघल-ए-आझम'चा शीशमहाल उभा राहिला तो तिथे. 'मुघल-ए-आझम' लागला ५ ऑगस्ट १९६० ला, मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात. जोधाबाई झाल्या दुर्गा खोटे. 'मिस्टर अँड मिसेस ५५'मध्ये तिची आत्या ललिता पवार. गळा लताचा, आशाचा. बाई राहायची पाली हिलवर. अजून काय, जातीचा दाखला आणू?


ठाण्याची_ठमी

कुर्ला_लोकल यांच्या बोलण्यातून एक वेगळाच मुद्दा सुचला. दुर्गाबाईंनी स्वतःचं आयुष्य स्वतः लिहिलं. नटी हंसा वाडकरांनी सांगितलं, आणि तेही असं सांगितलं की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. स्वतःच्या चुका, स्वतःचे पुरुष, दारू, सगळं स्वतःच्या तोंडून. मधुबालाने असं काहीच मागे ठेवलेलं नाही. तिची गोष्ट म्हणजे दिलीपकुमारांनी म्हाताऱ्या वयात सांगितलेली बाजू, बहिणीने मुलाखतींत सांगितलेली दुसरी बाजू, आणि उरलेलं मासिकवाल्यांचं. आपण जी 'शोकांतिका' म्हणतो ती सगळी इतरांच्या साक्षीवर उभी आहे. गिरगावकरांची तक्रार मला म्हणून पटते. तिचं स्वतःचं म्हणावं असं एकच उरलंय, पडद्यावरचं काम. आणि नेमकं तेच कुणी बघत नाही.


रीळमास्तर

साक्षीवरून आठवलं, 'नया दौर'चा खटला कुणी काढला नाही अजून. तिची कारकीर्द बापाने कशी आवळली याचा कागदोपत्री पुरावा आहे तो. बी. आर. चोप्रांनी तिला घेतलं, थोडं शूटिंगही झालं. मग त्यांना भोपाळकडे बाहेर चित्रीकरण करायचं होतं, बाप, अताउल्ला खान, नाही म्हणाले. चोप्रांनी वैजयंतीमालाला घेतलं आणि वर्तमानपत्रात जाहिरात दिली, तीत मधुबालाच्या नावावर सरळ काट मारलेली. प्रकरण मुंबईच्या कोर्टात गेलं. दिलीपकुमार साक्षीला उभे राहिले ते चोप्रांच्या बाजूने. संपलं प्रेम. 'नया दौर' केवढा चालला ते तुम्हाला ठाऊक आहेच. ती भूमिका तिची होती. काम जपायचं म्हणता तर जे काम होऊच दिलं नाही त्याचा हिशोब कुणाकडे मागणार?


मंजिरी_पार्ले

बापाला सोडा म्हणत नाही मी. पण खटल्याची गोष्ट सांगताना सगळे बाप आणि प्रियकर यांच्यात कोण बरोबर याचा निकाल लावतात. दिलीपकुमारांच्या आत्मचरित्रात तर वेगळंच आहे: बापाचा लग्नाला विरोध नव्हता, त्याला त्या लग्नातून धंद्याची भागीदारी हवी होती. आता खरं कोणतं? दोन पुरुषांचं भांडण, त्यात एकाचं पुस्तक, आणि आपण साठ वर्षांनी पंच. ती तेव्हा आजारी होती, हे कुठल्या पारड्यात टाकायचं? आजारी मुलीला भोपाळच्या रानात पाठवायचं नाही म्हणणारा बाप लगेच खलनायक होत नाही. लोभी होता, असेलही. एकाच माणसात दोन्ही राहतं.


केईएम_जुना

आजाराचा विषय निघाला म्हणून लिहितो, नाहीतर मी इथे वाचणाराच. 'प्रेमभंगाने खंगून गेली' हे वाक्य दिसलं की माझं डोकं फिरतं. तिला व्हीएसडी होता. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतः छिद्र. त्यातून डावीकडचं रक्त उजवीकडे घुसतं, फुप्फुसांकडे गरजेपेक्षा जास्त जातं. लहान छिद्र पुष्कळदा आपोआप बुजतं. मोठं असेल आणि तसंच राहिलं तर वर्षानुवर्षांच्या जादा दाबाने फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या जाड होतात. एकदा ती पायरी ओलांडली की छिद्र शिवूनही उपयोग नाही, उलट धोका.

१९५४ मध्ये मद्रासला 'बहुत दिन हुए'च्या सेटवर तिला रक्ताची उलटी झाली. त्याच वर्षी अमेरिकेत मिनेसोटाला लिलेहाय नावाच्या सर्जनने माणसाच्या हृदयातलं असं छिद्र पहिल्यांदा यशस्वीपणे बंद केलं, तेही बापाचं रक्ताभिसरण मुलाला जोडून, कारण हृदय-फुप्फुसांचं काम करणारं यंत्र अजून भरवशाचं नव्हतं. म्हणजे तिच्या आजाराला औषध सापडत होतं तेव्हा ती एकवीस वर्षांची होती आणि त्यापासून जगाच्या दुसऱ्या टोकाला. १९६० मध्ये लंडनला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेला नकार दिला. त्यानंतर ती नऊ वर्षं जगली, बहुतेक अंथरुणात. आज परळला वाडियात किंवा केईएममध्ये बाळाच्या छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर हा आवाज ऐकू येतो, टूडी इको होतो आणि गरज असेल तर पहिल्या वर्षातच काम उरकतं. याला शाप वगैरे म्हणू नका. वीस-पंचवीस वर्षं उशिरा जन्मली असती तर म्हातारी झाली असती.

आणि एक. असं हृदय घेऊन त्या बाईने खऱ्या लोखंडाच्या साखळ्या अंगावर वागवून 'मुघल-ए-आझम'चे कैदेतले प्रसंग दिलेत. तुम्ही लोक तिच्या ओठांबद्दल बोलताय.


वांद्र्याचा_बबन

डॉक्टर, कडक!

मी वेगळ्या टोकाने येतो. गिरगावकर म्हणतात फोटो जपला. तोही कुठे धड जपला? सांताक्रूझच्या जुहू कब्रस्तानात तिची संगमरवरी कबर होती. २०१० मध्ये ती काढून टाकल्याच्या बातम्या आल्या. मोहम्मद रफींचीही गेली. रफींचे चाहते आता जवळच्या नारळाच्या झाडावरून जागा ओळखतात. मुंबईची लाडकी मुंबईत सापडत नाही. परदेशात असतं असं? तिकडे नटीच्या कबरीवर लोक फुलं घेऊन रांग लावतात.


अश्विनी_बोरिवली

बबनराव, कब्रस्तान चालवणाऱ्यांचं कारण जागा हे होतं. नवी माणसं मरतायत, जमीन वाढत नाही. माती भरून पुन्हा वापरणं ही तिथली जुनी रीत आहे, पक्की कबर बांधणंच अनेकांना धर्मात बसत नाही. या शहरात जिवंत माणसाला एकशे ऐंशी फुटांची खोली मिळताना मारामार, आणि नटीला संगमरवर कायमचा? मला नाही वाईट वाटत. हिंदू नटीची राख समुद्रात गेली तर आपण 'स्मारक कुठे' विचारतो का?

माझा खरा वाद मंजिरीताईंशी आहे. 'मिस्टर अँड मिसेस ५५' तुम्ही पुढे आणाल याची मी वाटच बघत होते, गिरगावकरांनी नाव घेतलंच आहे. तो सिनेमा आला त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा झाला, बायकांना घटस्फोटाचा हक्क मिळाला. आणि सिनेमात काय? हक्कांबद्दल बोलणारी आत्या म्हणजे कजाग, पुरुषद्वेष्टी ललिता पवार. शहाणी सून कोण, तर मार खाऊनही नवऱ्यावर प्रेम करणारी. या सगळ्याला गोड वेष्टन कुणाचं, तर मधुबालाचं. तिचं काम ग्रेट, टायमिंग ग्रेट, पण ते टायमिंग कशासाठी वापरलं गेलं तेही बघू की. वारसा म्हणायचा तर पुरता म्हणा.


मंजिरी_पार्ले

अश्विनी, सिनेमाचा उपदेश जुनाट आहे याबद्दल वादच नाही. पण संहिता अब्रार अल्वींची, दिग्दर्शन गुरुदत्तचं. त्याचा दोष नटीच्या पदरात का? तिने त्या अनिताला जो वेंधळा, हट्टी, टेनिसपटूच्या मागे धावणारा पोरकटपणा दिलाय, त्यामुळे निदान ती उपदेशाची बाहुली होत नाही. ललिताबाईंनाही हाच प्रश्न विचार ना. त्यांनी तर जन्मभर खाष्ट सासू करून सासवांचं नाव खराब केलं असतं नाहीतर!


रीळमास्तर

अवांतर: त्या सिनेमात गुरुदत्त व्यंगचित्रकार आहे आणि चित्र काढणारा हात जवळून दिसतो, तो आर. के. लक्ष्मण यांचा आहे. मुंबईच्या सिनेमात मुंबईचा हात. बास, एवढंच सांगायचं होतं.

आणि बबनराव, परदेशाचं म्हणाल तर १९५२ मध्ये एका अमेरिकन मासिकाने तिच्यावर लेख छापला होता की जगातली सगळ्यात मोठी तारका बेव्हर्ली हिल्समध्ये राहत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी 'लाइफ' मासिकाच्या जेम्स बर्कने काढलेले फोटो, तेच तुम्ही सगळे फॉरवर्ड करता. म्हणजे ज्या फोटोंना तुम्ही नावं ठेवताय त्यांनीच तिला सत्तर वर्षं जिवंत ठेवलंय. २००८ मध्ये टपाल तिकीट निघालं ते 'अमर'मधल्या अभिनयासाठी निघालं का? माझा मुद्दा तिथेच आहे.


गिरगावकर_७१

मास्तर, फोटोला नावं ठेवत नाही हो. फोटोवर थांबण्याला ठेवतोय. २००४ मध्ये 'मुघल-ए-आझम' रंगीत करून पुन्हा लावला तेव्हा मी आईला घेऊन गेलो होतो. तिने तो पहिल्यांदा मराठा मंदिरालाच बघितलेला, तेव्हा तिकिटासाठी लोक फुटपाथवर मुक्काम करायचे आणि घरून डबे यायचे. शीशमहालातल्या गाण्यापाशी आई म्हणाली, "बघ, रडत नाहीये ती." मी पुन्हा बघितलं. खरंच, अश्रू नाहीत. मान ताठ, नजर थेट बादशहाच्या डोळ्यांत. हे करायचं तिने ठरवलं होतं. दिग्दर्शकाने सांगितलं असेलही, पण करणारी ती. अशा गोष्टी मेणबत्तीवाल्या पोस्टमध्ये कधी येत नाहीत.


वांद्र्याचा_बबन

मग फलक तरी लावा कुठेतरी. कबर नाही तर नाही. मालाडला बॉम्बे टॉकीजच्या जागी लावता येईल.


कुर्ला_लोकल

तिथे आता वर्कशॉप आणि गाळे आहेत. रिक्षावाल्याला बॉम्बे टॉकीज कंपाउंड म्हटलं की तो बरोबर सोडतो, पण तो सिनेमाच्या नावाने नाही, गाळ्यांच्या पत्त्याने. फलक लावाल तर पहिलं नाव देविका राणीचं टाकावं लागेल, दुसरं अशोककुमारचं. मधुबालाची पाळी येईपर्यंत फलक भरेल. (आणि हो, मीनाक्षी शिरोडकरांचा धागा लिहायला घेतलाय.)


अश्विनी_बोरिवली

रीळमास्तरांनी 'अमर'चं नाव काढलं म्हणून काल रात्री बसून बघितला. मेहबूब खानचा, १९५४. ही भूमिका आधी मीनाकुमारीकडे होती. वकील असलेला दिलीपकुमार एका गरीब मुलीवर, निम्मीवर, बलात्कार करतो आणि गप्प बसतो. मधुबाला त्याची वाग्दत्त वधू, शिकलेली, गावातल्या लोकांसाठी भांडणारी. तिला संशय येत जातो ते तिने फार संयमाने दाखवलंय, एकदाही आवाज चढवत नाही. मंजिरीताई, अभिनयाचा मुद्दा इथे तुम्ही जिंकलात, लिहून देते.

पण शेवट काय? ही स्वतः बाजूला होते आणि त्या मुलीचं लग्न त्याच माणसाशी लागतं. आणि हा न्याय म्हणून दाखवलाय. तिचं काम इतकं चांगलं आहे की बघताना क्षणभर मलाही तो न्याय वाटला, माझा राग आहे तो त्यावर. आता सांगा, संहिता दुसऱ्याची म्हणून इथेही तिला सोडायचं का?


मंजिरी_पार्ले

सोडायचं. पण सविस्तर उद्या लिहिते. आधी मी पुन्हा बघते, मला शेवट वेगळा आठवतोय.